चाळीस किलोमीटर अलीकडे

“पाळणा त्या खिडकीशी लावू नकोस गं, खाली हमरस्ता आहे,” घर सोडून जाताना आधीची भाडेकरू, एक निवृत्त नर्स, म्हणाली होती. ठमीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. त्याच खिडकीतून तर नवऱ्याचा ट्रक घरी येताना दिसायचा!

ठमी आता अडीच वर्षांची झाली. वाफेच्या यंत्राला सात आठवड्यांत हात लागलेला नाही. त्या अख्ख्या हमरस्त्यावरची वेगमर्यादा प्रयोग म्हणून ऐंशीवरून साठवर आली, धूर कमी झाला आणि पोरीच्या छातीतली शिट्टी थांबली. आई मात्र अजूनही रोज तिच्या पाठीला कान लावून बघते.

दारात पालिकेची मुलगी फॉर्म घेऊन उभी होती. “साठ कायम ठेवायची का? हो किंवा नाही. खाली शेरा. घाई नाही हं, पण मला अजून तीन मजले चढायचेत.”

ठमीच्या आईने नवऱ्याला फोन लावला. तो माल भरून होण्याची वाट बघत होता.

“हो लिही. त्यात विचारायचं काय?”

“तू घरी यावास असं वाटतं, म्हणून विचारतेय.”

दहा तास चालवलं की ट्रक असेल तिथे उभा करायचा, हा त्याच्या कंपनीचा नियम. पूर्वी दहा तासांत तो घरी पोचायचा. आता साठच्या वेगाने चाळीस किलोमीटर अलीकडेच तास संपतात. तो ट्रकमध्येच पाय दुमडून झोपतो आणि सकाळी तिथूनच पुढच्या फेरीला निघतो. घरी येतो तो रविवारचा काय तेवढा.

“तुझ्या घोरण्याशिवाय झोप लागत नाही मला,” ती म्हणाली.

“रेकॉर्ड करून पाठवू?” तो हसला. “ठमी काय करतेय?”

“धावतेय. भिंत ते दार, दार ते भिंत. दमतच नाही.”

“फोन तसाच धर जरा. ऐकू दे.”

तिने फोन खाली, फरशीजवळ धरला. पालिकेची मुलगी जिन्याकडे बघत राहिली.

मग आईने ‘हो’वर खूण केली आणि शेऱ्याच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं :

‘साठच राहू द्या. फक्त हे जो कोणी वाचेल त्याने एक करावं. शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर ट्रकतळ आहे. तिथे पाण्याच्या टाकीशी निळ्या दारांचा ट्रक उभा असतो. कधी त्या बाजूला गेलात तर काचेवर टकटक करा. आत झोपलेल्या माणसाने पांघरूण घेतलंय का, तेवढं बघा.’