विजेबरोबरचा माणूस

सकाळपासून कुशाबाईचं कामात लक्ष नव्हतं. हातात पाण्याचा पाइप आणि मान गेटकडं. धार क्रेट सोडून स्वतःच्या पायावर पडत होती, तरी बाईला पत्ता नाही.

"मावशी, पाव्हणं येणारायत का कोण?" गेटवरच्या हिंदुरावानं हाळी दिली.

"तू तुजं गेट बघ," ती फणकारली. मग राहवलं नाही म्हणून म्हणाली, "ईज येणाराय न्हवं आज."

इंदापूर रस्त्यावरचा तो भला मोठा दूध प्रकल्प आजपासून सगळाच्या सगळा उन्हाच्या विजेवर चालायचा होता. वीज राजस्थानातल्या सौर प्रकल्पाची, आत्तापर्यंतच्या विजेपेक्षा स्वस्त, वर ती उन्हाचीच असल्याचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. ऑफिसपुढं मांडव पडला होता. कुशाबाईला त्या मांडवाचं काही नव्हतं. त्या राजस्थानातल्या प्रकल्पावर तिचा युवराज कामाला होता आणि आज विजेबरोबर तो येणार, असं तिनं पक्कं धरलं होतं.

आता हे खूळ डोक्यात कुठनं शिरलं म्हणाल, तर बाईनं बारा वर्षं टँकरच्या धक्क्यावर क्रेट धुण्यात काढली होती. तिच्या कळस गावचं दूध आलं की टँकरबरोबर दादासाहेब यायचा, वडगाव निंबाळकरचं आलं की बापूसाहेब. हातात चिठ्ठी. डोळ्यांदेखत नमुना काढायला लावायचा, फॅट बघायची, सही घ्यायची, मगच माघारी फिरायचं. माणसाबिगर दूध आलेलं तिनं बघितलंच नव्हतं. मग एवढी मोलाची वीज काय एकटीच येईल? आणि इकडं माणूस धाडायचा तर इकडचाच धाडतील की!

विजेसाठी तीन कंपन्यांचे दर आले होते, तेव्हा तिनं मोठ्या साहेबांना धक्क्यावरच गाठलं होतं. "सायेब, घ्यायची तर माज्या पोराच्या कंपनीची घ्या." साहेब हसले आणि त्यांनी सगळ्यात कमी दर बघून सही केली. पण साहेबांनी आपला शब्द राखला, असं कुशाबाई साऱ्या कळसला सांगून मोकळी झाली.

गेल्या रविवारी फोनवर तिनं विचारलं होतं, "आता यशील न्हवं?" युवराज म्हणाला, "बघू की, आई." त्या 'बघू की'वर तिनं आठवडा काढला. दोन दिवाळ्या पोरगं घरी आलं नव्हतं. फोनवर दिसायचं, पण फोनमधल्या पोराला भाकरी कशी वाढायची? तिला ते समोर बसून जेवताना बघायचं होतं, बास. आज तिनं डब्यात दोघांपुरत्या भाकरी आणल्या होत्या.

अकराच्या सुमाराला विजेचं काम बघणारी सुप्रिया मॅडम पेढे घेऊन धक्क्यावर आली.

"मावशी, तोंड गोड करा. आपली नवी वीज सुरू झाली."

"आली?" कुशाबाईच्या हातातनं पाइपच सुटला. "कदी? मी तर गेटवरची नजर हलवली न्हाय."

"सकाळीच आली की."

"मग त्येंचा माणूस कुटं हाय?"

"कुठला माणूस?"

"ईजंबरुबरचा. चिठ्ठी द्याया, सही घ्याया."

सुप्रियाला हसू येणार होतं, पण बाईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. "मावशी, विजेबरोबर माणूस येत नाही. ते तिथं तारेत सोडतात, आपण इथं तारेतनं घेतो. मोजायला मीटर आहेत. आणि कागद, हा बघा, मोबाइलवरच येतो."

कुशाबाईनं मोबाइल लांब धरून प्रमाणपत्र निरखलं.

"यात युवराजचं नाव कुटं हाय?"

"नावं नसतात त्यात. नुसते युनिट." सुप्रियाला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं. "पण मावशी, तुमच्या युवराजचं भलंच झालं बघा. आपण पंचवीस वर्षांचा करार केलाय. त्यांचे साहेब सांगत होते, आता तयार झालेली माणसं सोडणार नाही, सगळ्यांना तिथंच कायम करणार."

"झ्याक झालं की!" हिंदुराव गेटवरनं ओरडला. "मावशी, पोरगं मार्गी लागलं!"

"चांगलं झालं," कुशाबाई म्हणाली. तिला चांगलं वाटलंही, खोटं कशाला बोलायचं. पण पेढा तिनं पदराच्या टोकाला बांधून ठेवला. पंचवीस वर्षं! आता तिला साठावं लागलं होतं.

सुप्रिया निघाली तशी तिनं मागनं हाक मारली. "मॅडम, म्हंजी आमी हितं जेवडी ईज जाळू, तेवडं त्येला तितं काम?"

"अगदी बरोबर बोललात!" सुप्रिया खुशीत म्हणाली आणि पेढे घेऊन पुढं गेली.

कुशाबाई शेडमध्ये आली. वरचा पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता. क्रेट धुणाऱ्या बायांच्या डोक्यावर मोठा पंखा गरगरत होता. ती भिंतीपाशी गेली, बटण खाली केलं आणि परत आपल्या जागेवर येऊन बसली. पंखा हळूहळू थांबला.

"अगं बया! उकडून जीव चाललाय आणि पंखा कशापायी बंद केलास?" शेजारची अनिता पदरानं वारा घेत करवादली.

कुशाबाईनं क्रेट पुढ्यात ओढला.

"ऱ्हाऊ दे गं जरा. तितलं काम सरल्याबिगर माजं पोरगं घरी कसं यील?"