डबल सीट

आंधळ्या मुलांच्या शाळेसाठी वर्गणी गोळा करत नागपूर ते जबलपूर चार दिवस सायकल मारायची होती. सरावाला ओझं हवं म्हणून शालिकराम मास्तर रोज सकाळी बायकोला कॅरिअरवर बसवून कन्हानपर्यंत जाऊन येत.

"पोतं बांधा ना जी, मले काहून नेता?" भागीरथा विचारायची.

"पोतं बोलत नाही वं."

डबल सीटला दंड होता. म्हणून इंदोरा चौक आला की दोघं उतरत, पोलिसासमोरून साळसूदपणे चालत जात आणि पलीकडे पुन्हा बसत. मागून "बसली जी" ऐकू आलं की मास्तर पायडल मारत.

जबलपूरची सायकल रॅली निघाली, तेव्हा भागीरथाच्या तेरवीला आठवडा झाला होता. नाव दिलेलं होतं, मास्तर निघाले. इंदोरा चौकात ते उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. बाकीचे भराभर पुढे गेले.

"आज काहून उतरले, मास्तर?" पोलीस म्हणाला. "आज तं एकटेच हा तुमी."



चौकापलीकडे मास्तर सीटवर बसले, एक पाय जमिनीवर टेकला आणि "बसली जी" ऐकू यायची वाट पाहत राहिले.