जोड तोताराम

"तार पडलीय आणि तुम्ही नुसते बघत काय बसलात?" सुकदेवआबा दारातूनच ओरडले.

जीवराम बघत नव्हता, आठवत होता. पण हा फरक मॅनेजरला समजावून सांगायची ही वेळ नव्हती. सव्वादोन झाले होते. सावद्याला केळीची मालगाडी उभी होती आणि चारला भराई बंद होणार होती. कुणाचा किती माल आला याची यादी सावद्याच्या केंद्रातून कॉम्प्युटरच्या तारेवरून जळगावच्या केळी सोसायटीत यायची, इथे डबे वाटले जायचे आणि ते वाटप तारेवरूनच परत जायचं. त्याशिवाय तिकडे एक घड हलत नसे. माल तर सकाळीच कापून स्टेशनात पडला होता.

सावद्याचा फोन चार दिवसांपासून मुका. जीप पाठवावी तर जाऊन-येऊन तीन तास. कॉम्प्युटर बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत फोन लागला, पण ज्याला ही जोडणी ठाऊक होती तो गृहस्थ मेहुणीच्या लग्नाला गेलेला.

"पुढच्या मीटिंगला तुम्हाला कायम करायचा विषय आहे," आबा म्हणाले. "गाडी चुकली तर तो विषय मी कोणत्या तोंडाने काढू?"

खरं सांगायचं तर हे सगळं जीवरामच्या हुशारीनेच ओढवलं होतं. वर्षापूर्वी तो धुळ्याहून इथे टेम्पररी म्हणून आला, तेव्हा वीज गेली की प्रत्येक केंद्राची तार नव्याने जोडावी लागे. त्या युनिक्सच्या यंत्रापुढे बसायचं, आयएफकॉन्फिग ही कमांड लिहायची, मग लाइनचं नाव, आपल्या बाजूचे आकडे, त्यांच्या बाजूचे आकडे, शेवटी आणखी आकड्यांची रांग. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद डकवलेला होता. वीज तर दिवसातून तीनदा जायची.

जीवरामने ऑफिसातली माणसं बोलतात कशी ते ऐकलं. तीन नंबरची लाइन पडली, असं कुणीच म्हणत नसे. सगळे म्हणत, तोतारामभाऊंची तार पडली. तोतारामभाऊ म्हणजे सावद्याच्या केंद्राचे प्रमुख. मग त्याने एक छोटी कमांड लिहिली आणि आकड्यांच्या जागी माणसांची नावं बसवली. जसं बोलता तसंच टाइप करा, 'जोड तोताराम', झालं. क्लार्क पुष्पाबाईंनी एका बोटाने ते दोन शब्द मारले आणि तार जुळली. आबांनी पेढे मागवले. जीवरामने सगळ्यांदेखत भिंतीवरचा कागद फाडून टोपलीत टाकला. इतका आनंद त्याला डिप्लोमा पास झाल्यावरही झाला नव्हता.

फक्त सुमनअक्कांनी त्या कमांडला हात लावला नाही. सुमनअक्का पारोळ्याकडच्या, अठरा वर्षं नोकरी झालेल्या जुन्या टायपिस्ट. डोक्यावर पदर, आणि काम चोख. सावद्याची तार त्यांच्याच टेबलाची. ती पडली की खाली मान घालून त्या ती लांबलचक ओळच ठोकत बसायच्या. जीवरामने त्यांना तीनदा शिकवून पाहिलं.

"अक्का, दोनच शब्द आहेत हो."

"राहू द्या भाऊ, माझं चालतंय."

बोलण्यातसुद्धा त्यांचं वेगळंच. सगळं ऑफिस तोतारामभाऊ म्हणे, अक्का मात्र 'सावद्याचे भाऊ'. या बाईंना नवं काही नकोच असतं, असं जीवराम एकदा पुष्पाबाईंजवळ बोलून गेला होता. अक्कांचा नकार त्याला लागला होता. ज्यांचे कष्ट वाचावेत म्हणून एवढी खटपट केली, त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवावी!

आणि काल यंत्राची डिस्क गेली. नवी बसवली, त्यात युनिक्स पुन्हा भरलं. सभासदांची यादी टेपवर होती, ती परत आली. 'जोड' टेपवर घ्यायची राहिली होती. सगळे आकडे त्या कमांडच्या पोटात, नाहीतर त्या कागदावर. कमांड गेली, कागद तर त्यानेच फाडला. स्वतः त्याने ते आकडे कधी पाठ केलेच नव्हते. कशाला करील? पाठ करावं लागू नये म्हणून तर सगळा खटाटोप.

पावणेतीनला सुमनअक्का चेअरमनच्या खोलीतून डिक्टेशनची वही घेऊन आल्या; या गडबडीत त्यांची आठवण कुणालाच झाली नव्हती. जीवरामचा उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला, आबांचाही पाहिला. काय झालं ते पुष्पाबाईंनी सांगितलं.

"सरका जरा," अक्का म्हणाल्या.

त्या बसल्या. ओठांतल्या ओठांत पाढा म्हणावा तसं काहीतरी पुटपुटत त्यांनी ओळ मारली. एकशे ब्याण्णव, नऊ, दोनशे, एक. मग पलीकडच्या बाजूचे आकडे, मग ती शेवटची रांग. एकदाही थांबल्या नाहीत. क्षणभर काहीच हललं नाही आणि मग पडद्यावर सावद्याची यादी सरसर उतरू लागली. सव्वातीनला वाटप परत गेलं. आबा खुर्चीत टेकले आणि त्यांनी चहा सांगितला, पहिला कप अक्कांना.

जीवरामने खुर्ची ओढून घेतली. त्याला बरं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. वही उघडून त्याने ते आकडे अक्कांकडून उतरवून घेतले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "अक्का, वर्षभर रोज एवढी मोठी ओळ का मारत बसलात? माझी कमांड इतकी वाईट होती का?"

अक्कांनी पदर सारखा केला. ऑफिसात त्या कधी घरची बोली बोलत नसत, आज बोलल्या.

"वाईट कशाले ऱ्हाई? पन भाऊ, ते मना सासरानं नाव शे. मी कसं लेऊ?"