सोपान उभा विहिरीत

"सोपान म्हणजे जिना," गिटार गळ्यात अडकवलेली मुलगी म्हणाली.

सोपानराव तिच्याकडं बघतच राहिले. बासष्ट वर्षं ते सोपान होते आणि जिना असल्याचं त्यांना आज कळत होतं.

मंचरच्या मंगल कार्यालयात 'भुईनळा' बँडची तालीम चालली होती. कार्यक्रम संध्याकाळी होता. सोपानराव महाळुंगे पडवळहून सकाळच्या एसटीनं आले होते, ते काही तालीम ऐकायला नव्हे. नव्व्याण्णव साली, या पोरांना कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा, त्यांनी सोपानरावांची तीन गाणी एका कॅसेटमध्ये गायली होती. कुठल्याशा लग्नात सोपानरावांचं कलापथक गाताना टेप केलेली. कव्हरवर छापलं होतं, 'पारंपरिक'. आता पोरं टीव्हीवर दिसायला लागली होती आणि त्याच कॅसेटची सीडी निघणार होती. तिच्या कव्हरचा मजकूर उद्या छापखान्यात जाणार होता. आज नाव चढलं तर चढलं, नाहीतर सोपानराव कायमचे पारंपरिक राहणार होते. बायको सारजाबाई बरोबर होती, कारण तिचे डोळेही डॉक्टरला दाखवायचे होते.

ही मंडळी पहिल्या पाच मिनिटांतच, त्यांनी नाव सांगायच्या आधीच, त्यांच्या मनातून उतरली होती. मुलीचं नाव संस्कृती आणि पँट गुडघ्यावर फाटकी. ढोलकीवाला ढोलकीला असा हात लावत होता, जशी काय ती तापलेली कढई. दुसरा एक जण अर्धा तास गिटारच्या तारा पिळत होता. तेवढ्यात कलापथकाचा गण आटपून गवळण निम्मी झाली असती. आणि गाणं तर विचारूच नका. ती पोरगी 'न्हाई' या शब्दावर अशी तुटून पडत होती, की दर वेळी सोपानरावांच्या दातांत खडा येत होता. जन्मात कधी खुरपं धरलं नसेल आणि निघाली खेडं गायला!

"बघा ना काका," संस्कृतीनं मजकुराचा कागद पुढं केला आणि गुणगुणून दाखवलं.

"मोट गेली, इंजिन आलं, पाणी पाटानं धावलं,
माझ्या डोईचं भांडं बाई, खाली न्हाई कुणी ठेवलं."

"आणि शेवटी येतं, 'सोपान उभा विहिरीत, त्याला न्हाई कुणी काढलं.' आता गाणं बाईचं आहे. मग विहिरीत एकदम हा पुरुष कुठून येईल? विहिरीत उभा असतो तो जिना. सगळे त्याच्यावरून वर चढून जातात आणि तो तिथंच राहतो. कुणा अनाम कवीला काय सुचलंय हे!"

हसावं की एक ठेवून द्यावी, हेच सोपानरावांना कळेना. एवढं शिकून ही अक्कल!

"अवो बाई, त्यो जिना मीच," ते कडाडले. "सोपान! रेशनकार्डावर बगा पायजे तर. चाळीस वर्सं कलापथक चालवलंय. शेवटच्या वळीत आपलं नाव गुंफायचं, ही शाहिरी रीत हाय. एवढं बी म्हाईत नाय, आन आमची गानी गाताय व्हय?"

संस्कृतीचा चेहरा खरकन उतरला. ढोलकीवाला ढोलकीच्या दोऱ्या तपासायला लागला.

"सॉरी, काका. खरंच सॉरी. आत्ता नाव घालते," असं म्हणून तिनं 'पारंपरिक' खोडलं. वर पेन्सिलीनं लिहिलं, 'गीतकार: सोपान'.

ते अक्षर बघून सोपानरावांना आणखीच चेव आला. "आन बाईचं गानं म्हनता, तर ऐका. बाईच्या मनातलं वळखायला शाईर लागतो. बायांना कुठं सुचतंय? त्या निस्त्या गात्यात."

संस्कृतीला आता विषय बदलायचा होता. शेवटच्या खुर्चीवर औषधाच्या थेंबांची बाटली मुठीत धरून बसलेल्या बाईकडं ती वळली. "मावशी, तुम्हाला येतं का हे गाणं? आमची चाल चुकत असेल तर सांगा ना."

"आमची मंडळी हाय ती," सोपानराव म्हणाले. "येतंय की तिला. खुरपताना रोज म्हनती. पर शेवटची वळ नाय म्हनायची. बत्तीस वर्सांत कदी म्हनली नाय. नवऱ्याचं नाव हाय ना त्यात." कौतुकानं त्यांचा आवाज मऊ झाला. "जुनी रीत हाय. तुमच्यासारकं नाय."

सारजाबाईंनी पदर सारखा केला.

"नवऱ्याचं नाव कुठंय त्यात?" त्या म्हणाल्या आणि बसल्या जागी गायला लागल्या. आवाज चिरका होता, पण कुठं अडला नाही. दुसऱ्या ओळीला ढोलकीवाल्याचा हात आपोआप ठेक्यावर पडला.

"पाणी चढलं, ऊस चढला, घर माडीवर चढलं,
सारजा उभी विहिरीत, तिला न्हाई कुणी काढलं."

तिन्ही गाणी तिच्या तोंडून वहीत उतरवून घेताना सोपानरावांनी एवढंच तर केलं होतं. एक नाव बदललं होतं, आणि या गाण्यात 'उभी'चं 'उभा' नि 'तिला'चं 'त्याला' केलं होतं.

संस्कृतीनं कागदाकडं पाहिलं, ओळ पुन्हा मनात म्हणून बघितली. मग पेन्सिल सरसावून तिनं विचारलं, "मावशी, सारजा म्हणजे काय हो?"

"मी," सारजाबाई म्हणाल्या.