पिंप हलवायचं नाही

"पिंप हलवायचं नाही," हार्लन झास्ट्रो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून त्याची मुलगी ट्रुडी बादलीतली काळी बीअर रबरी नळीने पोलादी पिंपात उतरवत होती. नळीचं टोक बुडाशी टेकलेलं हवं, बीअर आवाज न करता वर चढायला हवी. खळखळली की हवा मिसळते आणि चव जाते. हे तिला बापानेच शिकवलं होतं. आज त्याच्याने साधं झाकणही उचलवत नव्हतं. अंगाभोवती दोन ब्लँकेटं, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि घडीच्या खुर्चीत बसून हुकूम सोडणं चालू.

ही बीअर त्याने शरद ऋतूच्या सुरुवातीला केली होती, पातेल्यापाशी उभं राहण्याइतकं बळ होतं तेव्हा. नंतर फुप्फुसातली गाठ पसरली. तरी रोज एकदा भिंतीला धरून तो गॅरेजमध्ये यायचा, फ्रीज उघडून बादलीकडे बघायचा आणि परत जायचा.

तासाभरापूर्वी नर्स ओपल ट्रुडीला बाहेर गाडीपाशी घेऊन गेली होती. "तुझ्या भावाला आजच बोलावून घे," ती म्हणाली. "आता आठवड्यांची गोष्ट राहिली नाही गं. चार दिवस, फार तर पाच." गाडी वळणाआड गेली तरी ट्रुडी बर्फात तशीच उभी होती. भावाला, कर्टला, फोन करून आणि डोळे कोरडे करून ती आत आली, तर बाप कोट चढवायची खटपट करत होता. "चल," तो म्हणाला, "पिंप भरून टाकू."

बीअर भरून झाली. ट्रुडीने झाकण घट्ट बसवलं, सिलिंडरमधला गॅस सोडून आतली हवा बाहेर काढली. आता बीअरमध्ये गॅस मुरवायचा होता. त्याच्या दोन तऱ्हा. दाब कमी ठेवून पिंप थंडीत ठेवून द्यायचं, दहा-बारा दिवसांत गॅस आपसूक मुरतो. नाहीतर दाब चढवायचा, पिंप मांडीवर आडवं घ्यायचं आणि हात भरून येईपर्यंत डोलवायचं. मग त्याच संध्याकाळी पिता येते. हार्लनने ही दुसरी तऱ्हा जन्मभर हिणवली होती.

ट्रुडीने सिलिंडरवरचा दाबाचा काटा सरळ वर नेला आणि पिंप मांडीवर ओढलं.

"ए! खाली ठेव ते."

"बाबा, आजच्या दिवस. कर्ट येतोय उद्या विमानाने. तिघं मिळून पिऊ."

"कर्ट? असा मधेच?"

"आठवण आली म्हणे तुझी."

"त्याला? माझी?" हार्लनला हसू आलं, हसण्यातून खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. "खोटं बोलायचं तर आईसारखं तरी बोलावं माणसाने. ती काय बोलायची!"

ट्रुडी पिंप डोलवू लागली. आत बीअर डुबुक डुबुक करत होती.

"घाईचा गॅस खरखरीत लागतो, पोरी. मोठाले बुडबुडे. ओठाला लागेपर्यंत फेस गायब."

"मला चालेल."

"मला नाही चालणार. दहा दिवस थांबायला काय जातंय तुझं?"

"दहा दिवस!" ती एकदम ओरडली. "दहा दिवस कुठून आणू मी, बाबा? कुठून..."

पुढचे शब्द तिने गिळले, पण उशीर झाला होता. तिचे हात थांबले. गार पिंपावर कपाळ टेकून ती रडू लागली. एवढ्या दिवसांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदाच रडत होती.

"एक घोट तरी घे रे," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या हातची आहे. तुला एक घोट मिळावा, एवढंच हवंय मला."

हार्लन खुर्चीतून पुढे वाकला. एका हाताने त्याने पिंपाची कडी ओढली. जादा गॅस फुस्स करत निघून गेला. मग सिलिंडरचा काटा त्याने स्वतः हळूहळू खाली आणला, कमी दाबावर थांबवला आणि तोच हात तिच्या केसांवर ठेवला.

"ही माझ्यासाठी केलीच नव्हती, ट्रुडी," तो म्हणाला. "मला माती देऊन तुम्ही सगळे काकडत चर्चच्या हॉलमध्ये जेवायला याल ना, तेव्हा ती बरोबर मुरलेली असेल."