थुंकीचा अहवाल

"मानवजातीच्या इतिहासात आज नवं पर्व सुरू होत आहे!" असं गरजून सोसायटीचे सेक्रेटरी टिळेकर खाली वाकले, जिन्याच्या कोपऱ्यातली पानाची पिचकारी त्यांनी कापसाच्या बोळ्यानं टिपली आणि नव्या डीएनए यंत्रात घातली. सगळ्या सभासदांचे नमुने यंत्रात आधीच होते.

दुसऱ्या दिवशी अहवाल नोटीस बोर्डावर लागला. थुंकणारे बोडस, फ्लॅट बारा. यंत्रानं न विचारता सांगितलेलं बाकीचंही टिळेकरांनी तसंच डकवलं होतं: पन्नाशीत यांची स्मरणशक्ती जाणार, मुलीचीही जाण्याची शक्यता निम्मी.

बोडस अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांना हे दूधवाल्याकडून कळलं. दुपारी मुलीला बघायला येणाऱ्या मंडळींचा फोन आला, येत नाही म्हणून.

"थुंकलो मी, गुन्हा कबूल!" बोडस सेक्रेटरींच्या दारात कडाडले. "पण माझ्या पोरीचं रक्त चव्हाट्यावर मांडायला तुम्हाला कोणी सांगितलं? फाडा तो कागद!"

"पारदर्शक कारभार आहे, बोडससाहेब," टिळेकर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी बोडसांच्या हातात ओलं फडकं दिलं. "तेवढा कोपरा पुसून टाका. विसरायच्या आत."