कारणाचा रकाना

डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला. डाव्या घोट्याखाली, जिथं नुसता स्नायू असायला हवा, तिथं खडूनं रेघ ओढावी तसा पांढरा पट्टा दिसत होता.

"हाड वाढलंय का?" मशीनमननं विचारलं. छापखान्यात कागदाचं बंडल पायावर पडल्याला दीड वर्ष झालं होतं.

"हाड ठीक आहे. स्नायूत कॅल्शियम साठलंय, चुन्यासारखं. मार लागल्यावर काय केलं होतं?"

"ह्यांनी काही म्हणजे काही केलं नाही," बायको म्हणाली. "दवाखान्याचं नाव काढलं की पाय मागे. मीच चोळायची. तेल गरम करून, अंगठ्यानं चांगलं दाबून. पहिल्या दिवसापासून एक खाडा नाही."

"मी ओरडायचो. शेजारी विचारायचे, बायको मारते की काय," तो हसत म्हणाला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. एक्स-रेचं पाकीट मागं राहिलं होतं, ते आणायला बायको बाहेर गेली.

"ताज्या माराला चोळायचं नसतं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानंच हे वाढलं असणार."

तो दाराकडे बघत राहिला. "हे कागदावर येणार?"

"फॉर्मवर कारण लिहावंच लागतं."

"घरातला कागद अन् कागद ती वाचते. मगच फायलीला लावते." तो थांबला. "मी स्वतःच चोळलं असं लिहा की. पाय माझाच आहे."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं.

बायको पाकीट घेऊन आली. चष्मा लावून तिनं फॉर्म उचलला. नाव, वय, डावा घोटा असं करत तिचं बोट 'कारण' या रकान्याशी आलं. 'मार लागल्यावर रुग्णाने स्वतः रोज जोराने चोळणे.' बोट तिथंच थांबलं.



"ह्यांचा हात पावलापर्यंत पोचतच नाही, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "पोट आडवं येतं. खोडा ते. पत्नीने, असं लिहा."

"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"तुम्ही गप्प बसा."

डॉक्टरबाईंनी दोन शब्द खोडले, वर एक लिहिला आणि बाजूला सही केली.

तिनं फॉर्म घडी न करता पिशवीत ठेवला. मग खाली बसून त्याचा मोजा हातात घेतला. पाऊल कुठं धरावं ते तिला कळेना. नुसत्या बोटांच्या टोकांनी ती मोजा वर सरकवू लागली. तो टाचेशी अडला.

"दुखत नाही गं," तो म्हणाला. "धर नीट."